कोल्हापुरात इग्वानासाठी अंगणातला पिंजरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली मापं आणि याद्या पूर्ण वाढलेल्या हिरव्या इग्वानासाठी आहेत. पिंजरा मजबूत करणं कोल्हापुरात अवघड नाही, उद्यमनगरातला कुठलाही चांगला फॅब्रिकेटर तो करून देईल. अवघड आहे ते एकाच पिंजऱ्यात ऊन, सावली, कोरडी जागा आणि रात्रीची ऊब या चारही गोष्टी बारा महिने मिळतील अशी रचना करणं. म्हणून वेल्डिंगला हात घालण्याआधी दिशा, छत आणि रात्रीची पेटी कागदावर पक्की करा.

घरात काचेची मोठी पेटी आहे. तरी अंगणात पिंजरा कशाला?

दोन कारणं. पहिलं म्हणजे आकार. मोठा नर नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पाच फुटांच्या वर जातो आणि वजन चार-पाच किलो सहज भरतं. हा झाडावर राहणारा प्राणी आहे, त्याला उंची लागते. दुसरं कारण ऊन. उन्हातल्या यूव्हीबी (अतिनील) किरणांमुळे त्याच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं आणि तेव्हाच खाल्लेलं कॅल्शियम हाडांत जातं. खिडकीची काच, अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट हे किरण जवळजवळ पूर्ण अडवतात. काचेमागे दिवसभर उन्हात बसलेल्या इग्वानाची हाडंही मऊ पडतात. जबडा सुजतो, पाय थरथरतात, पाठीचा कणा वाकतो. एकदा वाकलेलं हाड पूर्ववत होत नाही.

घोरपडीसाठी हाच पिंजरा चालेल का?

घोरपड पाळताच येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ती आहे. पकडणं, बाळगणं, विकणं हे सगळे गुन्हे आहेत. जखमी किंवा घरात शिरलेली घोरपड दिसली तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. ‘चार दिवस सांभाळून सोडू’ हा विचारही करू नका.

आणि इग्वाना?

इग्वाना मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. तो साइट्स कराराच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्या कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून अशा परदेशी प्राण्यांसाठी वेगळी चौथी अनुसूची आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम निघाले. त्यानुसार प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला किंवा मेला, तरी तेही कळवावं लागतं. विकणाऱ्याकडे त्याच्या नावाची नोंद आणि हस्तांतराचे कागद नसतील तर प्राणी घेऊ नका. कागदाशिवायचा प्राणी पुढे डॉक्टरकडे नेतानाही अडचणीचा ठरतो.

पिंजरा केवढा हवा?

एका प्राण्यासाठी ८ फूट लांब, ५ फूट रुंद आणि दक्षिणेच्या बाजूला ७ फूट उंच. याहून लहान करायचाच असेल तर लांबी ६ फुटांवर आणा, उंची मात्र कमी करू नका. इग्वाना माणसाच्या डोळ्यांच्या वर बसला की शांत असतो. कमरेएवढ्या उंचीवर बसवला तर प्रत्येक येणारा-जाणारा त्याला वरून झडप घालणारा शत्रू वाटतो. ‘पिल्लू लहान आहे, पिंजरा नंतर वाढवू’ असं ठरवणाऱ्यांचं काम बहुतेक वेळा तसंच राहतं. चांगल्या खाण्यावर तो तीन-चार वर्षांत मोठा होतो.

जागा कशी निवडायची? तोंड कुठल्या दिशेला?

पिंजऱ्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम धरा, म्हणजे आठ फुटांची एक बाजू दक्षिणेला येईल. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून जेमतेम ५० अंशांवर असतो. दक्षिण बाजू उघडी असेल तर हे ऊन पिंजऱ्यात खोलवर येतं, आणि त्याच महिन्यांत त्याची सगळ्यात जास्त गरज असते. मे महिन्यात सूर्य थेट डोक्यावर असतो, तेव्हा काम छताला करायचं असतं.

पूर्व बाजू जाळीची ठेवा. सकाळी नऊ ते अकराचं ऊन सर्वांत उपयोगी. त्याआधीच्या कोवळ्या उन्हात ऊब असते, पण यूव्हीबी फारच कमी. पश्चिम बाजू पूर्ण बंद हवी. पावसाळी वारा पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो, आणि एप्रिलमधलं दुपारी तीनचं ऊनही तिकडूनच. घराची किंवा कंपाउंडची भिंत पश्चिमेला मिळाली तर अर्धं काम झालं. उत्तरेची खालची साडेतीन फूट बाजू बोर्डाने झाका, वर जाळी. दारही उत्तरेलाच, पूर्वेच्या कोपऱ्याजवळ.

शेजारी उसाचं शेत असेल तर फवारणीचा वारा कुठून येतो ते पाहा. तणनाशकाचे तुषार पानांवर बसतात आणि इग्वाना पानंच खातो. गळीत हंगामात कारखान्याच्या आसपास काजळी पडते. तिथे पिंजऱ्यातली झाडं रोज धुवावी लागतात.

गच्चीवर बांधला तर?

बांधता येतो, पण आमची पसंती अंगणालाच. गच्चीवर तीन अडचणी आहेत. कोबा मे महिन्यात पाय पोळेल इतका तापतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. वळवाच्या पावसाबरोबर येणारा वारा पत्र्यासकट सांगाडा उचलू शकतो. आणि अँकर ठोकायला कोब्यात भोकं पाडली की खालच्या खोलीत गळती सुरू होते. पर्याय नसेल तर भोकं न पाडता सांगाड्याच्या चारही कोपऱ्यांना आडव्या पट्ट्या वेल्ड करा, त्यांवर काँक्रीटचे ठोकळे ठेवा आणि वरून पॅरापेटला तारेने ताण द्या. पिंजऱ्याची जमीन कोब्यापासून किमान सहा इंच वर उचला, खालून हवा खेळली पाहिजे.

पाया कसा घालायचा? नुसत्या जमिनीवर ठेवला तर चालेल ना?

नदीकाठच्या भागात काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर ठेवलेला सांगाडा वर्षभरात पिळवटतो, दार अडकायला लागतं आणि कोपऱ्यात फट पडते. त्या फटीतून घूस आत येते किंवा इग्वाना बाहेर जातो.

९ × ६ फुटांची जागा आखा. दीड ते दोन फूट काळी माती काढा, कठीण मुरूम आधीच लागला तर तिथेच थांबा. खड्डा मुरमाने भरा. सगळा एकदम ओतायचा नाही. सहा-सहा इंचांचा थर, पाणी, धुमस, मग पुढचा थर. वर चार इंच काँक्रीट १:२:४ प्रमाणात, त्याला साधारण साडेतीन पोती सिमेंट लागतं. कडेने एक फूट उंच विटांचा जोता बांधा आणि आतल्या जमिनीला एका कोपऱ्याकडे उतार द्या, पाच फुटांत एक इंच. त्या कोपऱ्यात तीन इंची पाइप आणि त्यावर जाळीचं झाकण. उतार विसरला तर पाणी मध्येच साचतं, आणि ही चूक नंतर दुरुस्त करायची म्हणजे कोबा फोडावा लागतो. ओतकाम झाल्यावर सात दिवस पाणी मारा आणि मगच सांगाडा उभा करा.

सांगाड्याला काय आणि किती लागतं?

सव्वा इंची चौकोनी लोखंडी पाइप, १६ गेज. सहा उभे खांब, खाली-मध्ये-वर तीन आडव्या चौकटी, छताला दोन आडवे पाइप आणि दार धरून नऊ नग लागतात, प्रत्येक २० फुटी. दारासमोरच्या छोट्या खोलीला (ती कशासाठी ते पुढे येईल) आणखी तीन. एकूण बारा नग, वजन साधारण ११० किलो. फॅब्रिकेटर किलोवर दर सांगतात, त्यामुळे हा आकडा हाताशी असू द्या आणि दरात रंग धरला आहे की नाही ते आधी विचारा.

लाकडी सांगाडा स्वस्त वाटतो, पण जुलै-ऑगस्टच्या झडीत फुगतो आणि पुढे वाळवी लागते. पाइपची वरची उघडी तोंडं बंद करून घ्या, नाहीतर पाणी आत उतरून पाइप आतून गंजतो. प्रत्येक जोड कानशीने घासून बोट फिरवून पाहा. वेल्डिंगचा एक टोकदार थेंब पायाचं नख उपटायला पुरतो. रेड ऑक्साइडचा एक हात, त्यावर रंगाचे दोन. रंग चकचकीत घेऊ नका. इग्वाना नराला चमकत्या पृष्ठभागात स्वतःचं प्रतिबिंब दिसलं की तो प्रतिस्पर्धी समजून धडका देतो. रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे किमान आठ-दहा दिवस, प्राणी आत सोडायचा नाही.

जाळी कुठली घ्यायची?

पीव्हीसी लेपाची वेल्डमेश, घर १ × अर्धा इंच, तार १४ किंवा १६ गेज. षटकोनी घरांची चिकनमेश अजिबात नको. तिची तार पातळ असते, तिच्यात बोटं आणि नखं अडकून तुटतात, आणि कुत्रं तिला एका हिसक्यात फाडतं. नुसती जस्ती वेल्डमेश चालते, पण खरखरीत असते. नाक घासण्याची सवय असलेला प्राणी तिच्यावर नाक सोलून घेतो. जस्ती जाळी घेतलीच तर बसवण्याआधी व्हिनेगर लावून ब्रशने घासा आणि धुवा, म्हणजे सुटं जस्त निघून जातं.

४ फूट रुंद आणि ५० फूट लांब असा एक रोल मुख्य पिंजऱ्याला पुरतो. दक्षिणेला साडेतीन फुटांचे दोन पट्टे मिळून १६ फूट, पूर्वेला १० फूट, उत्तरेच्या वरच्या भागाला ८ आणि छताच्या उघड्या अर्ध्या भागाला ५, एकूण ३९ फूट. उरलेला तुकडा दुरुस्तीसाठी कोरड्या जागी ठेवा. पुढे हाच लेप आणि हेच घर मिळेल याची खात्री नसते.

जाळी सांगाड्याच्या आतल्या बाजूने बसवा. बाहेरून बसवली तर आतून पाइपच्या कडांवर पाय ठेवून तो चढत राहतो, पाइप आणि जाळीच्या फटीत नख अडकतं, आणि त्याच्या वजनाने जाळी स्क्रूंतून सुटत जाते. कडेला १५ × ३ मिमीची लोखंडी पट्टी आणि दर सहा इंचांवर स्क्रू. जाळीची कापलेली टोकं पट्टीखाली पूर्ण झाकली गेली पाहिजेत. बाइंडिंग तारेने बांधून भागवू नका, दोन पावसाळ्यांत ती गंजते.

छत पूर्ण पत्र्याचं करावं की जाळीचं?

अर्धं-अर्धं. पश्चिमेकडचे चार फूट पत्रा, पूर्वेकडचे चार फूट जाळी. पूर्ण पत्रा घातला तर मे महिन्यात भट्टी आणि जुलैत अंधार. पूर्ण जाळी ठेवली तर पाऊस चुकवायला जागाच नाही.

उतार उत्तरेकडे द्या: दक्षिणेची उंची ७ फूट, उत्तरेची ६ फूट ३ इंच. पत्र्यावरचं पाणी पश्चिमेच्या अर्ध्या भागातच पडेल, दार त्यातून सुटतं. पन्हाळी लावून ते पाणी बागेकडे न्या, शेजाऱ्याच्या हद्दीत सोडू नका. पत्रा रबरी वायसरच्या सेल्फ-ड्रिलिंग स्क्रूने पक्का करा आणि पत्र्याच्या प्रत्येक टोकाला स्क्रू जवळजवळ मारा, वारा टोकापासूनच पत्रा उचलायला सुरुवात करतो.

‘पारदर्शक पॉलिकार्बोनेट टाकलं तर ऊनही येईल आणि पाऊसही थांबेल’ अशी सूचना बरेच जण करतात. उजेड येतो, उष्णता अडकते आणि यूव्हीबी बाहेरच राहतं. या कामासाठी ते सर्वांत वाईट छत आहे.

थंडीचं काय? कोल्हापुरात तशी थंडी पडत नाही.

माणसाला पडत नाही. इग्वानाला दिवसा २६ ते ३२ अंश हवा, ऊन खायच्या फळीवर ३५ ते ३८ आणि रात्री २२-२३ च्या खाली नको. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा १५ च्या खाली उतरतो. एवढ्याने तो लगेच मरत नाही, पण पोटातलं अन्न पचत नाही, तिथेच आंबतं. सलग थंड रात्री गेल्या की नाकातून पाणी, तोंडात फेस आणि श्वासाला घरघर सुरू होते. फ्लोरिडात थंडीची लाट आली की इग्वाना गारठून झाडावरून खाली पडतात, ते तापमान इथे येत नाही. इथलं नुकसान हळूहळू होतं आणि म्हणूनच उशिरा लक्षात येतं.

उपाय म्हणजे रात्रीची पेटी. ४ × २ × २ फूट, पश्चिमेच्या भिंतीला साडेतीन फूट उंचीवर ब्रॅकेटवर. बाहेरून १२ मिमी मरीन प्लाय, मध्ये एक इंच थर्माकोल, आतून ६ मिमी प्लाय. ८ × ४ ची एक शीट आणि वर ४ × २ चा तुकडा एवढ्यात बाहेरचं कवच होतं. थर्माकोल कुठेही उघडा राहू देऊ नका, तो नखाने उकरून खातो. आत यायला १२ × १० इंचांचं भोक एका टोकाला, त्यावर पीव्हीसीच्या पट्ट्यांचा पडदा. दुसऱ्या बाजूला साफसफाईसाठी बिजागरीचं झाकण.

ऊब देण्यासाठी १०० वॉटचा सिरॅमिक हीट एमिटर, म्हणजे उजेड न देता फक्त उष्णता देणारा दिवा. तो पोर्सलीनच्या होल्डरमध्येच लावा, प्लास्टिकचा होल्डर वितळतो. भोवती तारेची टोपली हवी आणि टोपलीपासून प्राण्याची पाठ कमीत कमी आठ इंच लांब राहिली पाहिजे. भाजत असला तरी इग्वाना जागचा हलत नाही. खालून-वरून येणारी तीव्र उष्णता त्याला वेळेवर कळत नाही. याच कारणाने तापणारे दगड वापरू नका. डिजिटल थर्मोस्टॅट २६ अंशांवर लावा. त्याचा सेन्सर प्राणी झोपतो त्या पातळीवर, एमिटरपासून दूरच्या टोकाला हवा. तो एमिटरजवळ लावला तर यंत्र २६ दाखवतं आणि प्राणी १९ मध्ये झोपतो. चांगल्या बंदिस्त पेटीत एमिटर निम्मा ते दोन-तृतीयांश वेळच चालतो, म्हणजे थंडीच्या रात्री अर्धा ते पाऊण युनिट वीज.

या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग पाहिजे. पाणी, लोखंड आणि वीज एकत्र असलेल्या पिंजऱ्यात याशिवाय वायर ओढूच नका.

रात्री वीज गेली तर?

घरचा १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा इन्व्हर्टर फक्त या पेटीला जोडला तर एक रात्र निघते, पंखे आणि टीव्हीबरोबर निघत नाही. साधा उपाय म्हणजे दोन लिटरच्या दोन बाटल्यांत हाताला सोसेल इतकं गरम पाणी भरून, टॉवेलात गुंडाळून पेटीत ठेवणं. ती ऊब दोन-तीन तास टिकते. त्याहून जास्त वेळ वीज नसेल तर प्राणी घरात घ्या. मेणबत्ती, शेगडी, कोळसा यांपैकी काहीही पेटीजवळ नको.

एप्रिल-मे कसा काढायचा?

थंडीने इग्वाना आजारी पडतो, उन्हाने तो एका दुपारीत मरतो. म्हणून सावली आधी, ऊन नंतर. मार्चच्या मध्यापासून जाळीच्या छतावर ५० टक्क्यांची शेडनेट टाका. पण पूर्वेकडचा दीड फूट पट्टा उघडा ठेवा, सकाळचं ऊन तिथून येतं. पत्र्यावर चार-सहा इंच उसाच्या पाचटाचा थर टाकून वरून दोरी आवळली की आतलं तापमान स्पष्ट उतरतं. जून लागण्याआधी ते काढून टाका, ओल्या पाचटात उंदीर घर करतात. पत्र्याखाली सर्वांत वरची फांदी पत्र्यापासून दीड फूट खाली हवी.

या महिन्यांत हवा कोरडी असते. सकाळी आणि दुपारी बाराच्या सुमारास पाइपने झाडं आणि जमीन भिजवा. तोंड उघडून धापा टाकत तो सावलीत बसला असेल तर पिंजरा जास्त तापला आहे. लगेच कोमट-गार पाण्याचा फवारा मारा, बर्फाचं पाणी नको. आयआर थर्मामीटर (लांबूनच पृष्ठभागाचं तापमान मोजणारा) घ्या आणि फांदी, फळी, पत्र्याची खालची बाजू दुपारी दोन वाजता मोजा. हवेचं तापमान दाखवणारं घड्याळ फळी किती तापली हे सांगत नाही.

पावसाळ्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. मग यूव्हीबी?

पत्र्याखालच्या भागात टी-५ यूव्हीबी नळी लावा, १० ते १२ टक्क्यांची, तिथल्या बसायच्या फळीपासून ३० ते ४५ सेंटिमीटर अंतरावर. शेजारी १०० वॉटचा हॅलोजन स्पॉट. दोन्ही टायमरवर सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. नळी दिसायला जळत राहिली तरी साधारण वर्षभरात तिचं यूव्हीबी घटतं, म्हणून दर मे महिन्याच्या अखेरीस बदलली की पावसाळाभर ताजी मिळते.

दक्षिणेच्या जाळीला पश्चिमेच्या कोपऱ्यापासून पाच फूट गुंडाळता येणारी ताडपत्री लावा. झडीत खाली, उघडीप पडली की वर. ओलाव्याची त्याला सवय असते, सतत ओल्या फळीवर झोपण्याची नसते. पोटाखालचे खवले तपकिरी किंवा फोड आल्यासारखे दिसले तर बसायची जागा कोरडी होत नाहीये असं समजा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांना दाखवा.

आत फांद्या, फळ्या, पाणी कसं मांडायचं?

फांदी त्याच्या अंगाएवढी जाड हवी, तीन-चार इंच. पेरू, जांभूळ, चिंच यांची लाकडं टिकतात. बांबू गुळगुळीत असतो, वापरायचा तर काथ्या गुंडाळा. फांद्या तारेने टांगू नका, बोल्टने सांगाड्याला आवळा. पाच किलोचा प्राणी वरून उडी मारतो तेव्हा धक्का मोठा असतो. ऊन खायची फळी १२ इंच रुंद, पूर्वेकडच्या उघड्या भागात साडेचार फुटांवर. तिथून पेटीच्या तोंडापर्यंत एक सलग फांदी हवी, जमिनीवर न उतरता त्याला रात्री आत जाता आलं पाहिजे.

पाण्याचा टब किमान ५० लिटरचा. इग्वाना बहुतेक पाण्यातच घाण करतो, त्यामुळे टब रोज रिकामा करायचा. तो जमिनीच्या उताराच्या कोपऱ्यात ठेवा, उचलून बाहेर न्यावा लागणार नाही. खाण्याचं ताट वर, सावलीच्या फळीवर.

जमिनीवर चिपाड किंवा भुसा पसरू नका. चिपाडात बुरशी धरते आणि ते पानांबरोबर पोटात जातं. नुसता कोबा आणि कडेला कुंड्या एवढं पुरे.

कुठली झाडं लावू?

जास्वंद सर्वांत चांगली: पानं, फुलं, सगळं खातो. तुती आणि शेवगाही चालतात, पण तो ती संपवत जातो म्हणून दोन-दोन कुंड्या बाहेर वाढवत ठेवा आणि आलटून-पालटून आत आणा. कण्हेर, रुई, धोत्रा, घाणेरी, शेर आणि डिफेनबॅकिया पिंजऱ्याच्या आत तर नकोतच, जाळीबाहेरही दोन फुटांच्या आत नकोत. वाऱ्याने पान आत येतं. रोपवाटिकेतून आणलेलं रोप महिनाभर बाहेर ठेवून, वरची माती बदलून मगच आत न्या.

दार एक पुरे ना?

नाही. दारासमोर ३ × ३ फुटांची जाळीची खोली आणि तिला दुसरं दार. एक बंद केल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. इग्वाना शांत बसलेला दिसतो आणि क्षणात डोक्यावरून निघून जातो. आंब्याच्या झाडावर चढलेला इग्वाना उतरवणं अग्निशमन दलालाही जड जाईल. आतलं दार आत उघडणारं, अडीच फूट रुंद, साडेपाच फूट उंच. खालची फट एक सेंटिमीटरपेक्षा कमी, नाहीतर शेपटी अडकते. कडी-कोयंड्याला कुलूप लावा, मुलं उत्सुकतेने उघडतात.

कुत्री-मांजरं सोडली तर आणखी कशाची भीती?

घूस आणि उंदीर. थंडीत सुस्तावलेल्या इग्वानाची शेपटी ते रात्री कुरतडतात. खाणं संध्याकाळी उचललं नाही तर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. दुसरी भीती मुंग्यांची, विशेषतः पेटीत. ब्रॅकेटच्या पायांना ग्रीस लावा आणि पावडरीचं औषध टाकू नका. कावळे आणि घारी लहान पिल्लांना धोक्याच्या, म्हणून दीड फुटाच्या आतलं पिल्लू देखरेखीशिवाय बाहेर ठेवू नये.

मादी असेल तर वेगळं काही?

हो, आणि हे फार जण विसरतात. नर नसतानाही मादी अंडी धरते, एका वेळी पन्नासच्या आसपासही. उकरायला योग्य जागा मिळाली नाही तर ती अंडी अडवून धरते आणि त्यात जीव जातो. २०० लिटरचं स्वच्छ प्लास्टिकचं पिंप आडवं ठेवा, तोंडाला आठ-दहा इंचांचं भोक, आत निम्म्याहून जास्त भरेल इतकी वाळू आणि तांबडी माती समप्रमाणात. मिश्रण मुठीत दाबल्यावर गोळा झाला पाहिजे, पाणी गळता कामा नये. पोट फुगलं, खाणं सुटलं आणि ती कोपरे उकरायला लागली की पिंप आधीपासून तिथे असलं पाहिजे.

दोन इग्वाना एकत्र ठेवता येतील?

दोन नर कधीच नाहीत. नर-मादी ठेवायचे तर जागा दुप्पट, पेट्या दोन, ऊन खायच्या फळ्या दोन. माजावर आलेला नर मालकालाही चावतो, आणि तो चावा टाक्यांचा असतो.

बाहेर सोडायला कुठला महिना चांगला?

ऑक्टोबरच्या मध्यानंतर किंवा फेब्रुवारीअखेर. पहिला आठवडा रोज दोन-तीन तास, तुम्ही जवळ बसून. दुसऱ्या आठवड्यात पूर्ण दिवस, रात्री घरात. पेटीत आपणहून जायला शिकला की रात्रही बाहेर. पहिले काही दिवस संध्याकाळी हाताने उचलून पेटीत ठेवावा लागतो. जून आणि डिसेंबरात सुरुवात करू नका.

आमचं घर पूररेषेजवळ आहे. काय तयारी ठेवू?

२०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या दुधाळी, सुतारवाडा, कसबा बावडा, शाहूपुरी या भागांत पिंजरा कायमचा जमिनीला जखडण्यापेक्षा बोल्टने उघडता येईल असा दोन भागांत करा. विजेचा बोर्ड घराच्या आतल्या भिंतीवर, उंचावर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ३९ गाठली की वाट न पाहता प्राणी हलवा, माणसं हलवायच्या गडबडीत इग्वाना पकडणं होत नाही. मोठ्या कुत्र्याचा प्रवासी पिंजरा, नोंदणीच्या कागदांची प्रत, एक टॉवेल आणि दोन दिवसांचा पाला एवढं तयार असू द्या. पूर ओसरल्यावर पिंजरा ब्लिचिंग पावडरच्या पाण्याने धुवा, सगळ्या फांद्या आणि कुंड्यांतली माती फेकून नवी घाला.

रोजची स्वच्छता किती?

विष्ठा आणि टब रोज, फळ्या आठवड्याला, पेटी पंधरा दिवसांनी. इग्वानाच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून पिंजऱ्याची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत धुवायची नाहीत आणि हात लावल्यावर साबण लावायचाच. पाच वर्षांखालच्या मुलांना पिंजऱ्याच्या आत नेऊ नका. दर महिन्याला जाळीचे स्क्रू, दाराच्या बिजागऱ्या आणि जाळीच्या लेपाच्या चिरा पाहा. लेप सुटलेला तुकडा लगेच बदला, तो ते प्लास्टिक चाटून-चघळून गिळतो.

खर्च कमी करायचा असेल तर कुठे करू?

फांद्या वखारीतून किंवा छाटणीतून फुकट मिळतात. पश्चिमेला असलेली भिंत वापरा. दारासमोरच्या खोलीला स्वस्त, मोठ्या घरांची वेल्डमेश चालते, कारण तिथे प्राणी राहत नाही. पत्रा जुना चालेल, भोकं बुजवून. मुख्य जाळी, थर्मोस्टॅट, आरसीसीबी आणि यूव्हीबी नळी यांत मात्र काटकसर करू नका. आणि बजेट आताच अपुरं असेल तर पिंजरा लहान करण्यापेक्षा प्राणी सहा महिने उशिरा आणा.